लाल बेडकांवरचे टोचे

संशोधक बाईंनी डबा टेबलावर आदळला. आत पांढऱ्या मातीचे, वरून रंगवलेले छोटे बेडूक होते. निम्मे लाल, निम्मे तपकिरी.

“विषारी बेडूक लालभडक असतात. रंग दिसला की पक्षी चोच लावत नाहीत, हे दाखवायला मी हे बागेत मांडले. आणि टोचलेत ते लालच! तपकिरी शाबूत! परवा परदेशातल्या नोकरीची मुलाखत आहे. काय डोंबल सांगू तिथं?”

खासगी गुप्तहेर दाजींनी भिंग काढलं. प्रत्येक तपासात सोबत येणारा आणि क्वचितच उपयोगी पडणारा त्यांचा मेहुणाही वाकला.

“चोच खरीच आहे, दाजी. भोकं तळापर्यंत लाल झालीत.”

दाजी डबा घेऊन चौकशीला निघाले.

बाईंचा मदतनीस वैतागलेलाच होता. “बागेतून बेडूक पानांसकट उचलले, डबा बंद केला, मॅडमच्या घरी पोचवला. मॅडमच्या आधी कुणी बघायचं नाही, असा नियम आहे. मॅडम मात्र दोन दिवस बाहेरगावी!”

बाईंचे मार्गदर्शक सर खुशीत होते. “मी म्हणत होतोच, पक्ष्यांना रंगाचं काही नसतं. डबा? मी पाहिलाही नाही.”

घरी बाईंची थोरली बहीण दुकानाची पाटी रंगवत होती. पाटीवरच्या खिळ्याच्या भोकातही तिनं कुंचल्याचं टोक फिरवलं.

“बेडूक मीच रंगवले होते. पुढचं मला माहीत नाही.”

“सरच!” मेहुणा कुजबुजला. दाजींनी कपाळावर हात मारला.

त्यांनी सगळ्यांना तिथंच बोलावलं.

“रंगवलेल्या मातीत चोच घुसली, तर भोकात पांढरी माती दिसायला हवी. इथं आत लाल आहे. म्हणजे आधी टोचा, मग रंग.” त्यांनी एक तपकिरी बेडूक नखानं खरवडला. खाली लाल निघाला. “रंगांची अदलाबदल झाली. पक्ष्यांनी तपकिरीच टोचले होते. डबा या घरात होता, कुंचला इथंच आहे, आणि भोकसुद्धा कोरं न सोडणारा हात एकच.”

“म्हणजे मी बरोबर होते!” बाई ओरडल्या. मग त्यांचा चेहरा उतरला. “ताई, का केलंस?”

“तू गेलीस की अंथरुणावरचे बाबा आणि मी. जन्मभर.”

“मग तसं बोलायचं ना!”

“दोन वर्षं बोलतेय! बेडकांपुढं तुला काही ऐकू येतं का?”

आतून बाबांनी हाक मारली. ताई जागची हलली नाही. बाईच उठल्या, आणि दारात थांबून त्यांनी विचारलं, “त्यांचं औषध कुठं असतं गं?”