टाकाचा दिवा

पैठण गेटजवळच्या दुकानातून मी त्या दिवशी पाच मीटर एलईडी पट्टी, दिवे चालू-बंद करणारे दोन रिले आणि तारा जोडायच्या सोल्डरची एक रीळ घेतली आणि दुपारच्या उन्हात गारखेड्याला घरी परतले. घरातले दिवे बदलायचे, काम एवढंच होतं. बसा, सगळं सांगते. फक्त कोपऱ्यातल्या त्या दिव्याला हात लावू नका. त्याचे आकडे मी रोज लिहून ठेवते, त्यात तिसऱ्या कुणाचा नको.

मी तनुजा. डिप्लोमा इलेक्ट्रॉनिक्सचा, नोकरी चिकलठाण्याच्या एका कारखान्यात, सर्किट बोर्ड तपासायची. दीड वर्षापूर्वी विश्वजीतशी लग्न झालं. माझं पहिलं, त्याचं दुसरं. त्याची पहिली बायको सुलेखा चार दिवसांच्या तापात गेली, तेव्हा एकोणतीसची होती. मी तिला कधी पाहिलंही नव्हतं. पण या घरात पाऊल टाकलं आणि जिकडे बघावं तिकडे तीच. डब्यांवरची नावं तिच्या अक्षरात. मी ओट्यावर काही तळायला घेतलं की शेजारणी खिडकीतून सांगणार, सुलेखाच्या हातची शेव खायला हवी होतीस. विश्वजीत मात्र तिचं नावसुद्धा काढायचा नाही, आणि ते न काढणंच मला जास्त झोंबायचं. मेलेल्या बाईशी भांडणार कसं? तिची भाजी कधी खारट होत नाही, तिचं वय वाढत नाही. मी जळत होते. उगाच गोड बोलून काय उपयोग.

म्हणून घर ताब्यात घ्यायचं ठरवलं, मला येतं त्या पद्धतीनं. तिच्या वेळचे पिवळे बल्ब काढून टाकले. छताच्या कडेनं पांढऱ्या पट्ट्या फिरवल्या. माणूस आला की पेटणारा दिवा पॅसेजमध्ये बसवला. पंखे, गिझर, फाटकावरचा दिवा, सगळं माझ्या मोबाईलवर चालायला लागलं. रविवारी मी वर चढायची आणि विश्वजीत खाली स्टूल धरून उभा राहायचा. शॉक बसेल, शॉक बसेल म्हणून घाबरवायचा आणि हसायचा. तेवढे रविवार फक्त माझे होते.

दिवाळीनंतर पाचोडहून सासूबाई आल्या, आवडाबाई. पिशवीतून त्यांनी कागदाची पुडी काढली. आत चांदीचा पातळ टाक, जुन्या रुपयाएवढा, त्यावर बाईची आकृती ठोकलेली. आमच्याकडे दुसरेपणावर आलेल्या बाईनं पहिलीच्या नावाचा असा टाक गळ्यात घालायचा असतो.

"सुलेखाच्या नावाचा हाय," त्या म्हणाल्या. "कुंकू आधी हिला लावायचं, मग तुला. मान दिला की ती शांत ऱ्हाती."

"आणि नाही दिला तर, आत्याबाई?"

"घरात दोघी हायत म्हनल्यावर एकीला नमतं घ्यावंच लागतंय, बाई."

मी बरं म्हणाले. त्यांची बस सुटली तसा टाक नेऊन रेझिस्टरच्या ड्रॉवरमध्ये टाकला. जिचं नाव ऐकून माझं डोकं उठतं, तिला गळ्यात मिरवायची?

पुढच्या शनिवारी हॉलच्या कोपऱ्यासाठी हा दिवा करायला घेतला. सागाचा ठोकळा, वर पांढरी पट्टी, आत छोटा कंट्रोलर, आणि पुढे धातूचा एक तुकडा. त्याला बोट टेकलं की दिवा लागतो, परत टेकलं की विझतो. स्टीलचा तुकडा घेतला, तर त्यावर सोल्डर धरेना. दुसरं काही मिळतंय का म्हणून ड्रॉवर उपसला आणि टाक हाताला लागला.

चांदीवर सोल्डर लोण्यासारखा पसरतो. टाकाची मागची बाजू खोलगट, बोट बरोबर बसेल अशी. म्हणून तार जोडायला मी पुढची बाजू घेतली, बाईच्या तोंडाची. तिथेच सोल्डरिंग गनचं गरम टोक ठेवलं. सोल्डरमधल्या राळेचा धूर डोळ्यांत गेला, पण हात काढला नाही. घे, म्हटलं मनात, आता माझ्या घरात दिवे लाव. तेव्हा मला फार बरं वाटलं होतं, हे तुमच्यापासून लपवत नाही.

मग लॅपटॉप जोडून स्पर्शाचे आकडे पाहिले. कुणाचा स्पर्श नसला की कंट्रोलर एकाहत्तर दाखवायचा. बोट टेकलं की आकडा खाली पडायचा आणि प्रत्येक माणसाचा वेगळा यायचा. माझा अठरा. विश्वजीतचा चौदा. दहा वेळा लावा, फार तर एखाद्यानं इकडे तिकडे.

दुसऱ्या दिवशी, दिवेलागणीला, पावणेसातच्या सुमारास, मी स्वयंपाकघरात मेथी निवडत होते. आधी पॅसेजमधला दिवा लागला. मग हॉलमधला. जाऊन पाहिलं तर कुणी नाही. पट्टी पांढरी, तरी उजेड पिवळसर पडला होता, आणि तेलात भिजलेल्या वातीचा वास येत होता. एलईडीला कुठली आली वात? शेजाऱ्यांचा इन्व्हर्टर त्रास देत असेल, असं म्हणून मी प्रोग्राम दुरुस्त केला. सोमवारी पुन्हा तेच, पावणेसातलाच.

मंगळवारी विश्वजीत लवकर घरी आला होता. दिवा लागला तसा तो त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"तू लावलास?"

"नाही... आपोआप लागतो."

मग हळूच म्हणाला, "सुलेखा समई इथंच लावायची. याच टायमाला."

दीड वर्षात त्याच्या तोंडून तिचं नाव मी पहिल्यांदा ऐकलं. दुसऱ्या दिवसापासून तो साडेसहाला घरी यायला लागला. माझ्यासाठी कधी आठच्या आत आला नव्हता. आला की कोपऱ्यात खुर्ची ओढायची आणि दिव्याकडे बघत बसायचं. मला खरं तर भीती वाटायला हवी होती. वाटला तो राग. मी माझ्या हातानं केलेला दिवा, आणि त्याच्यापुढे हा माणूस तिची वाट बघत बसतो.

शुक्रवारी मी लॅपटॉप मांडीवर घेऊन त्याच्या खुर्चीसमोर बसले. पावणेसात झाले. पॅसेजमध्ये उजेड पडला आणि विझला. एकाहत्तर... सत्तर... एकसष्ट... अठ्ठेचाळीस. बोट लांबून हळूहळू जवळ आणलं की आकडा असाच उतरतो. तीस. अकरा.

दिवा लागला.

"अहो... हात लावलाय का तुम्ही?"

"नाही गं." त्याचे दोन्ही हात मांडीवर होते. नजर दिव्याच्या थोडी वर, माणसाचं तोंड असेल तिथे. अकराचा आकडा तो खुर्चीत होता तोवर हलला नाही.

मी मागच्या अंगणात जाऊन पाचोडला फोन लावला आणि सासूबाईंना सगळं सांगितलं, सोल्डरसकट.

"तू तिला घरात काम दिलंस," त्या म्हणाल्या. "ती करतीया. उद्याच काढ अन् गळ्यात घाल. पर आता तिनं माघारी जावं का नाय... ते तुझ्या हातात ऱ्हायलं नाय."

शनिवारी दुपारी मी तार सोडवली. टाकावरच्या बाईचं तोंड काळं पडलं होतं. चिंचेनं घासलं, राखेनं घासलं, डाग गेला नाही. काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात घातला, आधी तिला कुंकू लावलं, मग मला. दिव्याला तांब्याचा तुकडा बसवला.

संध्याकाळी पावणेसात झाले, सात झाले. पॅसेज अंधारात, दिवा बंद. विश्वजीत खुर्चीत तसाच बसून होता. मला इतका आनंद झाला की हसू दाबावं लागलं. गेली एकदाची.

"आज नाही लागला," तो म्हणाला. त्याचा आवाज पडला होता, तरीही मी जिंकलेच होते.

"मी लावते," म्हटलं, आणि उजव्या हाताचं बोट टेकवलं.

दिवा लागला. विश्वजीतनं वर बघितलं आणि हसला. मला पाहून तो असा कधीच हसला नव्हता. माझा हात धरून म्हणाला, "लई दिवस झाले, शेव केली नाहीस."

मी या घरात कधीच शेव केलेली नाही. मागे लॅपटॉप उघडाच होता. पडद्यावर आकडा होता अकरा.

नवं तांबं, नवी तार, म्हणून चुकला असेल असं वाटलं. विश्वजीतला बोट लावायला सांगितलं, त्याचा चौदाच आला. टाक काढून ठेवला, तरी माझ्या उजव्या हाताचा अकरा. डाव्या हाताचा मात्र अठरा होता. त्या दिवशी तो हात मी कितीतरी वेळ छातीशी धरून बसले होते.

आता काही तक्रार नाही म्हणायची. विश्वजीत रोज साडेसहाला येतो, माझ्याजवळ बसतो, माझ्याकडे बघतो. याचसाठी तर सगळा आटापिटा केला होता. फक्त तो मला नावानं हाक मारत नाही, आणि मी हाक मारायला सांगत नाही. कुठलं नाव घेईल, कुणास ठाऊक.

डावा हात सोमवारी अठरा होता. बुधवारी सोळा. आज सकाळी तेरा.

निघालात? थांबा, त्यांची यायची वेळ झालीच आहे, आणि डब्यात शेव आहे, थोडी घेऊन जा. शेजारणी म्हणतात, चव अगदी तीच आहे.