निळ्या पिंपाला फेस का येईना?

"आणखी एक खेप केली तर मी मेलेच समज!" हर्षदाने जिवाणूंच्या पाण्याचा कॅन बांधावर आदळला.

"कालही मेली होतीस. ऊठ!" कुंदन म्हणाला.

दिवाळीच्या सुट्टीत सुकदेवमामाकडे कामरेजच्या शेतावर मजा करायची म्हणून ही भावंडं लिंबायतहून आली होती. मजा कसली! मामाच्या स्ट्रॉबेरीची मुळं कुजत होती, रोपं माना टाकत होती. मुळं सांभाळणारे जिवाणू एका निळ्या पिंपात गुळाच्या पाण्यात वाढवून मामाने दोनदा घातले, तरी फरक शून्य. रविवारी शेतमालक नांगर फिरवणार होते. मग मामा पुन्हा कापड विणणाऱ्या लूमच्या खडखडाटात! त्या खडखडाटानेच त्याचा उजवा कान बहिरा केला होता. हर्षदाला नुसत्या विचाराने रडू यायचं.

"अरे, माझा दिवाळीचा शर्ट!" कुंदन किंचाळला. पिंपातलं पाणी उडालं तिथे निळ्या शर्टावर पांढरे डाग!

हर्षदाने पिंपात डोकावलं. तळाशी पांढरा थर. आणि वास? डाइंग मिलमधून आलेल्या पप्पांच्या कपड्यांना यायचा तोच!

"ब्लीच! बिचारे जिवाणू यात जगतील कसे?"

पिंप पलसाण्याच्या डाइंग मिलमधून आणलं होतं शेताच्या देखरेखीवरच्या नितीनभाईंनी. पिंप धुतलेलंच आहे म्हणत ते हसले. "धोयेलुं छे, बेटा! जाओ, रमो!"

वाद घालायला दोघांच्या अंगात त्राणच नव्हतं. त्यांनी गुपचूप मामीच्या माठात आणि पिंपात तेच जिवाणू, तोच गूळ कालवून झाकून ठेवलं.

रविवारी मालक आले. हर्षदाने झाकणं काढली. माठावर आंबूस वासाचा भरपूर फेस, म्हणजे जिवाणू जिवंत! पिंपातलं पाणी मात्र निपचित!

"म्हणजे इतके दिवस आपण रोपांना ब्लीच पाजलं?" कुंदन ओरडला.

नितीनभाईंची मान खाली गेली. "भूल मारी छे," चूक कबूल करत ते पुटपुटले.

"शाबास, पोरांनो!" मालक म्हणाले. "नांगर परत न्या रे!"

मग पुन्हा खेपा, या वेळी माठातून. हातांचे तुकडे पडायची वेळ आली. पण सुट्टी संपता संपता एका रोपाला कोवळं, हिरवंगार पान फुटलं!

"थकी गयी का व, माय?" मामाने विचारलं.

"खूप!" हर्षदा मुद्दाम त्याच्या डाव्या बाजूला जाऊन बसली. "मामा, आता लूम नाही ना?"

त्याला नीट ऐकू आलं. तो हसला आणि त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला.