छे हो आजोबा, कसला वास?

यातला शब्द न् शब्द खरा आहे. माझ्या सख्ख्या मावशीच्या बाबतीत घडलंय.

मावशी अपघात विभागात नर्स. त्या दिवशी भर दुपारी एका म्हाताऱ्याला आणलं. पायावरून गाडीचं चाक गेलेलं आणि घरच्यांनी बांधलेली पट्टी कित्येक दिवस तशीच.

पट्टी सोडली…

आत अळ्या वळवळत होत्या. हिरवट पू चादरीवर ओघळला. वॉर्डबॉय ओकायला बाहेर पळाला. डॉक्टरांनीही तोंड फिरवलं.

मावशीने नाही फिरवलं. मास्कच्या आत नाकाखाली बाम आणि डोळ्यांत हसू, ही तिची जुनी युक्ती. नव्या मुलींनाही ती हेच शिकवायची, "पेशंट आधी आपलं तोंड वाचतो गं. ते वाकडं झालं की तो तिथेच खचतो."

म्हातारा ओशाळून म्हणाला, "सिस्टर, वास येतोय ना? घरचे तर खोलीत पाऊल टाकत नाहीत."

"छे हो आजोबा, कसला वास?" तिने त्याचा हात धरला.

तिचा हात धरूनच म्हातारा संध्याकाळी गेला.

मावशी घरी आली. अंघोळ करून जेवायला बसली. पहिला घास उचलला…

तोच वास.

काकांना कसलाच येत नव्हता. तिने ताट हुंगलं, हात हुंगले. मग शेजारच्या रिकाम्या खुर्चीखाली…

टप्.

फरशीवर पू. त्यात एक अळी. जिवंत.

आणि कानाशी आवाज, "सिस्टर, वास येतोय ना?"

'हो, येतोय, चालते व्हा' एवढं म्हटलं असतं तर कदाचित सुटली असती. तिने तोंड उघडलंही. पण तिच्या हातात एक गार हात सरकला. तो थरथरत होता.

"छे हो आजोबा," ती म्हणाली.

तेव्हापासून त्या खुर्चीवर कुणी बसत नाही.

मला हे सगळं थोतांड वाटायचं. मागच्या रविवारी तिच्याकडे जेवायला गेले. घास तोंडाशी नेला आणि… शी! कपाटामागे उंदीर मरून कुजावा तसा भपकारा.

मावशीने बामची डबी पुढे सरकवली. "लाव. आणि तोंड वाकडं करू नकोस, त्यांना वाईट वाटतं."

मी बाम लावला. त्या खुर्चीकडे बघून हसले.

हसायला नको होतं.

आज सकाळी माझ्या स्वयंपाकघरात…

टप्.

मला किळस येतेय हो. भयंकर किळस येतेय. पण हातात आलेला तो हात इतका थरथरतोय… त्यांना सांगू कसं?