बॉनेट उघडलं की फिरणारा पंखा

“हात लावू नका! ओ — झाकणाला हात लावू नका!”

प्रेरणानं इतक्या झटक्यात हात मागं घेतला, की हातातलं फडकं थेट रस्त्याकडेच्या गवतात जाऊन पडलं. हिर्डोशीच्या अलीकडचा चढ, ऑक्टोबरचं ऊन, खाली नीरा देवघर धरणाचं निळं पाणी, आणि रस्त्याच्या मधोमध वडलांची जुनी पांढरी गाडी वाफा सोडत उभी. ओरडणारा मोटारसायकल स्टँडला लावून पळतच आला. सावळा, शिडशिडीत, खिशापाशी ग्रीसचा डाग, आणि डोळे... आता डोळ्यांचं काय सांगायचं! रागावलेले होते, एवढं मात्र तिच्या लक्षात राहिलं.

“गरम पाणी तोंडावर उडालं असतं. रेडिएटरचं झाकण असं उघडतात व्हय?”

“मग काय करू? काटा पार लाल रेषेला टेकलाय. मागं बर्फाच्या डब्यात रक्ताचे नमुने आहेत. ते खराब झाले तर म्हाताऱ्या माणसांना परत सुया टोचायला लागतील.”

प्रेरणा भोरच्या एका लॅबसाठी डोंगरातल्या गावांतून रक्ताचे नमुने गोळा करायची. तिकडं एसटी कधीतरीच, म्हणून ही गाडी. गाडी होती म्हणून नोकरी होती, असं म्हणा ना.

तो बॉनेटखाली वाकला, आणि तसाच वाकून राहिला.

“पंखा तर फिरतोय.”

“फिरतोय?”

“मस्त फिरतोय. मग गाडी तापली कशानं?”

दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. त्याला काही कळेना, तिला तर मुळात काहीच कळत नव्हतं. गाडी गार झाल्यावर त्यानं स्वतःच्या बाटलीतलं पाणी रेडिएटरला पाजलं आणि म्हणाला, “धनाजी. भोरमधी, महाडच्या रस्त्याला गॅरेज हाय. आणा गाडी, बघतो.”

बास, एवढंच. पण भोरपर्यंत प्रेरणाचं लक्ष काट्यावर कमी आणि आरशात मागून येणाऱ्या मोटारसायकलवर जास्त होतं.

गॅरेजात धनाजीनं बॉनेट उघडलं, फ्यूज पाहिला, रिले बदलून पाहिला, गाडी तापली की पंख्याला चालू करणारं बटण तपासलं. इंजिन चालू ठेवून काटा मुद्दाम वर चढू दिला. काटा मध्यावर गेला आणि पंखा... भर्रर्र! एखाद्या शहाण्या मुलानं पाहुण्यांसमोर पाढे म्हणावेत, तसा फिरायला लागला.

“ठणठणीत हाय,” धनाजी म्हणाला.

दोन दिवसांनी गाडी परत चढावर तापली. तिनं थांबवली, बॉनेट वर केलं, आणि पंखा फिरायला लागला! परत गॅरेज. त्यानं ते बटण नवं बसवलं. परत तापली. परत गॅरेज, परत पंखा शहाणा. असं किती वेळा झालं, ते सांगायला नको. शेजारी चहाची टपरी चालवणाऱ्या सगुणाबाईनं शेवटी तोंड उघडलंच.

“काय रे धनाजी, रोग गाडीला हाय, का गाडीवालीला?”

प्रेरणाच्या हातातला चहा हिंदकळला. धनाजी पाना शोधायला गाडीखाली शिरला. पाना त्याच्या हातातच होता.

आता प्रेरणाचं मन म्हणजे नुसता गुंता झालेला. हा माणूस तिला काय समजतो, तेच कळत नव्हतं. ताई म्हणाला असता, तर विषयच संपला असता. मॅडम म्हणाला असता, तरी एक वेळ समजलं असतं. पण हा बाबा काहीच म्हणत नव्हता! “पाणी देऊ का?” “ऊन लागतंय, हिकडं सरका.” “त्या खुर्चीचा पाय मोडकाय, हिच्यावर बसा.” कुणाला, तर हवेला.

त्यात घरी वडलांनी — आनंदरावांनी — जाहीर करून टाकलं. “लई झाली ही तापणारी गाडी. रविवारी भोंगवलीचं गिऱ्हाईक येतंय, देऊन टाकतो. तू पुण्याला बघ एखादी नोकरी, बसून करायची.”

त्या रात्री प्रेरणाला धड झोप लागली नाही. गाडी बरी झाली नाही, तर विकली जाणार, आणि हिची रवानगी पुण्याला. म्हणजे धनाजी संपला. बरी झाली, तर गॅरेजला जायचं कारण संपलं. म्हणजे तरीही धनाजी संपला! देवापुढं हात जोडायचे, तर मागायचं तरी काय? तिनं नुसतेच हात जोडले आणि कुशीवर वळली.

शनिवारी ती गॅरेजला गेली, तेव्हा धनाजीनं बॉनेट उघडलं. मग मान न वळवता म्हणाला, “एक इचारू? रागावणार न्हाई ना?... खरंच तापती ना ही?”

“म्हणजे?”

“न्हाई, म्हंजे... माझ्यापुढं एकदा पण तापली न्हाई. त्या पहिल्या दिवशी तेवढी.”

“म्हणजे मी खोटं सांगते? मला काय दुसरा उद्योग नाही, उन्हातानात तुमच्या मोडक्या खुर्चीवर येऊन बसायला?”

“मी तसं न्हाई म्हणलो —”

“तुम्हीच मुद्दाम लांबवत असाल! पंखा एवढासा, आणि तुम्हाला अजून सापडेना?”

तोंडातून गेलं, आणि गॅरेजात एकदम सामसूम झाली. टपरीवरचा स्टोव्हसुद्धा नेमका तेव्हाच सगुणाबाईनं बंद केला. धनाजीचे कान लालबुंद. प्रेरणाचे गाल त्याहून लाल. तिला वाटलं, म्हणावं यानं की हो, लांबवत होतो... आणि लगेच वाटलं, नको गं बाई, तसं असेल तर हा लबाड निघाला, आणि लबाड माणूस आपल्याला चालायचा नाही. काय वाटावं, तेच तिला ठरवता येईना.

“म्या कुणाच्या गाडीशी खेळ करत न्हाई,” तो हळू म्हणाला. “मागं डब्यात रक्त असतं तुमच्या. चला, मीच येतो संगं. बॉनेट लावलेलं असताना ती काय करती, ते बघू.”

तो शेजारच्या सीटवर बसला. गुडघे पार डॅशबोर्डला टेकलेले. दोन्ही बाजूंना भाताची खाचरं कापणीला आलेली, वाऱ्याबरोबर तो गोडूस वास आत येत होता. त्याच्या हाताला साबणाचा वास होता, निघायच्या आधी तीनतीनदा धुतलेल्या हाताचा. प्रेरणानं तीन नंबरचा गिअर टाकायला हात नेला, आणि त्याच वेळी त्यानं गुडघा बाजूला घेतला. बोटं जेमतेम लागली...

“सॉरी.”

“न्हाई... चालतंय.”

“काय चालतंय?”

“गाडी. गाडी चालती हाय नीट.”

ती हसली. त्यालाही हसू आलं, ते लपवायला त्यानं खिडकीबाहेर पाहिलं. आणि नेमका तेव्हाच काटा वर सरकायला लागला.

“थांबवा! बॉनेटला हात लावू नका. इंजिन चालूच ठेवा.”

तो उतरला, रस्त्यावर सरळ गुडघे टेकले आणि पुढच्या जाळीतून आत पाहिलं. पंखा निपचित. वेड लागल्यागत तो तिथंच बसून राहिला.

“आता या हिकडं. मी आत बघतो. तुमी बॉनेट उघडा, पर हळू. अगदी हळू.”

तिनं इंचाइंचानं बॉनेट वर नेलं. एकदम आतून भर्रर्र आवाज झाला.

“खाली घ्या.”

बंद.

“वर!”

भर्रर्र.

“आयला!” धनाजी रस्त्यावरच बसला आणि पोट धरून हसायला लागला. “दोरा! तुमचा काळा दोरा!”

प्रेरणानं वाकून पाहिलं, आणि तिलाही लख्ख दिसलं. घरी राहणाऱ्या आत्यानं दृष्ट लागू नये म्हणून बिब्बा ओवलेला काळा दोरा बांधलेला. बाहेर बांधला की कुणीतरी तोडून नेतं, म्हणून आतून. एक टोक बॉनेटच्या हुकाला आणि दुसरं सापडेल त्याला, म्हणजे पंख्याच्या वायरीला! वायरीचा प्लग आधीच ढिला झालेला. बॉनेट वर गेलं की दोरा ताणायचा, प्लग उचलला जायचा, पंखा चालू. बॉनेट खाली आलं की प्लग लोंबकळला, पंखा बंद. आणि गॅरेजात गाडी तपासायची, ती कायम बॉनेट उघडून.

“पण दोरा तर तुम्हाला रोज दिसत होता!”

“दिसत होता की. पर हात कशाला लावू? आमच्या वस्तादाची शिकवण हाय, घरातल्या बाईनं बांधलेला दोरा मेकॅनिकनं सोडायचा न्हाई. भोरमधी दोऱ्याबिगर गाडी दाखवा मला. त्याला धक्का न लावता सगळं तपासत बसलो... येडा मी.”

“मी सोडते.” तिनं हात पुढं केला आणि तसाच मागं घेतला. मागं एकदा मिक्सरला बांधलेला दोरा काढला होता, तर आत्या दिवसभर अन्नाला शिवली नव्हती.

“ज्यांनी बांधला, त्यांनीच सोडू दे,” धनाजी म्हणाला. त्यानं तात्पुरती पट्टी चिकटवून प्लग घट्ट केला. मग पुढं जाऊन आणलेले हिर्डोशीचे नमुने त्या दिवशी लॅबमध्ये थंडगार पोचले.

रविवारी सकाळी तो नवा प्लग घेऊन वरवे बुद्रुकला तिच्या घरी आला. बनाबाई आत्या पदर खोचून बाहेर आली, आणि दोऱ्याची गोष्ट ऐकून तिनं दोन्ही हात गालांवर मारून घेतले.

“अगं बया! दृष्ट काढायला गेले न् म्याच लावली की!”

“तुमची चूक न्हाई आत्याबाई. प्लगच ढिला होता,” धनाजी म्हणाला. “तुमी दोरा सोडता का?”

आत्यानं देवाचं नाव घेत गाठ सोडली. नवा दोरा त्यानं दाखवलेल्या जागी, बंपरला आतल्या बाजूनं बांधला. बांधता बांधता तिचं तोंड चालूच. “आपल्या घरचं आसंल त्यालाच बांधावा बाबा. परक्याच्या वस्तूला बांधत न्हाईत आमच्यात.”

धनाजीनं नवा प्लग बसवल्यावर आनंदराव स्वतः गाडी घेऊन गेले, नसरापूरला जाऊन आले. काटा मध्यावर, हलायचं नाव नाही. अंगणातच त्यांनी मोबाईल काढला. “पाहुणं, येऊ नका. गाडी द्यायची न्हाई आता.”

प्रेरणाला आनंदानं ओरडावंसं वाटलं, आणि त्याच घटकेला आठवलं, आता गॅरेजही संपलं. धनाजीनं हात पुसले, चहा प्यायला, मोटारसायकलपाशी गेला. ती मागोमाग गेली.

“आता तापायची न्हाई,” तो म्हणाला. सांगत होता आनंदाची गोष्ट, पण चेहरा मात्र काहीतरी हरवल्यासारखा.

“म्हणजे आता... गॅरेजला यायचं कारण नाही.”

“न्हाई,” त्यानं किल्ली लावली. “कारण तसं... न्हाई.”

तो काहीतरी म्हणेल, म्हणून ती थांबली. ती म्हणेल, म्हणून तो. दोघंही मुखदुर्बळ! प्रेरणाला स्वतःचाच राग आला. इतके दिवस नुसतं कळत नाही, कळत नाही करत बसलोय, पण यात न कळण्यासारखं आहे काय? आवडतो हा. एवढंच तर आहे. ती गर्रकन वळली, पायरीवरच्या सुपातून उरलेला काळा दोरा उचलला आणि त्याच्या मोटारसायकलच्या हँडलला गुंडाळायला लागली.

धनाजी बघतच राहिला. “ही... ही तुमच्या घरची गाडी न्हाई.”

“माहितीय मला.”

गाठ बसता बसेना. त्यानं दोऱ्याचं एक टोक धरलं.

“अगं, परक्याच्या गाडीला कशाला बांधतीस?” आनंदराव ओसरीवरून ओरडले.

आत्या आधी त्यांच्याकडं आणि मग त्या दोघांकडं बघत राहिली. मग तिनं सूप उचललं.

“हितं कोण परका हाय, दादा? दोन गाठी मार गं पोरी, रस्त्यात सुटंल.”

प्रेरणानं दुसरी गाठ मारली. आता वर बघायची सोय उरली नव्हती, तरी तिनं पाहिलं. रागावलेले नव्हते ते डोळे आज, भरून आलेले होते.

“प्रेरणा,” तो म्हणाला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा हवेला न म्हणता, तिला. “उद्या गॅरेजला येशील?”

“पण गाडी तर बरी झाली.”

“व्हय. म्हणून तर इचारतोय.”