हनुवटीवरचं हिरवं

"ओ बाई, जराशी बाजूले सरक ना! तुई सावली पडून राह्यली हिच्या तोंडावर."

भागीरथा दचकून थांबली. डोक्यावर लाखोळीच्या शेंगांची टोपली, पायाखाली धान कापून मोकळी झालेली बांधी. आणि बांधीत आडवी टाकलेली ही भलीमोठी पाटी. पाटीवर एका बाईचं तोंड होतं, अजून अर्धंच. त्या तोंडाच्या कपाळापाशी एक पोरगा उकिडवा बसला होता. हातात कुंचला, गालावर गुलाबी रंगाचा फराटा.

"सावली माही," ती म्हणाली, "अन् वावर माह्या भावाचं. तूच सरक तुई बाई घेऊन, भाऊ."

"भाऊ नोको म्हणू."

"मंग का म्हणू?"

"मुखरू म्हण. नाई तं पेंटर म्हण. चांद्यापासून सिरोंच्यापर्यंत सारे पेंटरच म्हणतात."

सत्तावन्न साली शिवरात्रीच्या जत्रेला पहिल्यांदाच गावात सिनेमा आला होता, आणि त्याचा तंबू दादाजीच्या, म्हणजे तिच्या भावाच्या, बांधीत उभा राहत होता. भागीरथानं मान वाकडी करून पाटी पाहिली.

"इतकी पांढरी काऊन हाये? बिमार हाये का?"

मुखरू असा हसला की कुंचला हातातून सुटला. "सिनेमातली हाये. बिमार नाई."

"मंग कामाले जात नसंन उन्हात."

आता त्यानं मान वर करून तिच्याकडे पाहिलं. नीट पाहिलं... मग पाटीकडे, मग पुन्हा तिच्याकडे. बाजारात कापडाला कापड लावून पाहतात ना, तसं. तिनं पदर ओढून हनुवटी झाकली आणि झपझप निघाली. हनुवटीवर आईनं गोंदवून घेतलेलं फूल होतं, हिरवं. आजवर ते झाकावं असं तिला कधी वाटलं नव्हतं.

तंबूवाल्यांना पाणी पोचवायचं काम वहिनीनं, रुखमाबाईनं, तिच्यावर टाकलं. मग काय, रोज घागर, रोज बोलणं. मुखरू घुग्घुसचा. बाप कोळशाच्या खाणीत. रुखमाबाईनं दोन प्रश्नांत त्याचं कूळ काढलं. लांबच्या सोयऱ्यातलाच निघाला.

"आमच्या घुग्घुसात सारेच काळे," तो सांगायचा. "माणूस काळा, धोतर काळं, भातबी काळा. म्हणून मले हा सफेदा आवडते. कोणत्याबी रंगात मिसळा, उजेड पडते."

"माह्यात मिसळशीन तं?"

"तुह्यात?" तो डोळे बारीक करून म्हणायचा, "तुह्यात उजेड हायेच. म्हणून तं पहिल्या दिवशी सरक म्हटलं."

ती लटक्या रागानं घागर आपटायची. पाणी त्याच्या पायांवर उडायचं. तो पाय मागे घ्यायचा नाही. आणि घरी जाताना तिचं पाऊल कसं हलकं पडायचं... मोहाची फुलं टपटपून वाट गोड वासाची झालेली असायची, आणि ती एकटीच हसत चाललेली.

मग तिनं सिनेमा पाहिला.

सांजेचा पहिला खेळ. मधे कनात, एकीकडे बाया, एकीकडे माणसं. इंजिन धडधडू लागलं, आणि पडद्यावर ते तोंड उगवलं. घराएवढं! डाग नाही, गोंदण नाही, घामाचा थेंब नाही. ती बाई हसली तेव्हा भागीरथाला आपल्यावरच काहीतरी कोसळतंय असं वाटलं. कनातीला एक फट होती. तिनं पलीकडे पाहिलं. दादाजी, जो देवळातल्या भजनातसुद्धा शेजाऱ्याशी बैलांच्या गोष्टी करायचा, तो तोंड उघडं टाकून बसला होता. सगळेच तसे. इतके गडी एकाच बाईकडे बघत होते. तिच्या ओठांकडे, तिच्या कमरेकडे. आणि ती बाई तिथं नव्हतीच.

भागीरथाला थंडी वाजली.

दुसऱ्या दिवशी रुखमाबाईनं चिमटा तापवून कपाळावरच्या केसांची बट वळवायचा घाट घातला. चुर्र आवाज झाला आणि घरभर जळक्या केसांचा वास.

"वैनी, हे का करून राह्यली वं?"

"गप. त्या बाईची बट अशीच होती."

दादाजी जेवायला बसला. बायको समोर, कपाळावर अर्धी जळकी बट. त्याची नजर दारातून तंबूकडे. "मीठ जास्त झालं का?" रुखमाबाईनं विचारलं. "हो... नाई," तो म्हणाला. बट त्याला दिसलीच नाही. रुखमाबाई हसली खरी, पण ताट उचलताना तिचा हात जड झालेला भागीरथानं पाहिला.

हे असं होतं का माणसाचं? घरातली बाई असतानाच दिसेनाशी होते? दादाजीनं तर एकच खेळ पाहिलाय. मुखरू रोज पाहतो. तिचं तोंड रोज हातानं काढतो...

त्याच दुपारी मुखरूनं तिला तंबूमागे हाक मारली. पाठीमागे काहीतरी लपवलेलं.

"डोळे मीट."

"काऊन?"

"मीट तं!"

तिनं मिटले. उघडले तेव्हा त्याच्या हातात खोक्याची एक फळी होती, आणि फळीवर भागीरथा. नाकातली चमकी तिची. डोक्यावरची टोपली तिची. पण गाल गुलाबी, आणि हनुवटी... कोरी. आत्ताच सारवलेल्या ओट्यासारखी साफ.

"पाह्य, किती साजरी दिसतेस!" तो म्हणाला. त्याच्या आवाजात इतकी माया होती, इतकी, की त्यामुळेच तिचा जीव घाबरला. वाईट मनानं केलं असतं तर भांडता तरी आलं असतं.

माह्या हनुवटीवरचं कुठी गेलं? हे विचारायला तिची जीभ उचलली नाही. तिला वाटलं, आपण कसं व्हायला हवं ते त्यानं सांगून टाकलंय.

दुसऱ्या दिवशी ती मंगलीसोबत जंगलात गेली. मंगली तिची लहानपणापासूनची मैत्रीण. मोहफुलं वेचायची, बिब्बे वेचायची. भागीरथानं तिच्या टोपलीतला एक काळाभोर बिब्बा उचलला.

"यानं गोंदण निघते म्हणतात..."

मंगलीचे डोळे फाटले. "पागल झाली का वं? धोब्यानं याची खूण केली तं लुगडं फाटते पण खूण जात नाई. याचं तेल तोंडाले लावशीन? कातडं जाळते थे!"

"जळू दे. खालून कोरं निघंन."

"कोणासाठी?"

मंगलीनं टोपली आपल्याकडे ओढली, पण एक बिब्बा केव्हाच भागीरथाच्या ओटीत गेला होता.

चुलीपाशी सुई तापवून तिनं बिब्ब्यात खुपसली. तेलाचा थेंब आला, काळा, चकाकणारा. आईनं गोंदवताना तिला मांडीवर धरलं होतं, हे तिला आठवलं. आणि तिनं डोळे मिटून थेंब लावला... पाकळीवर, मग दुसऱ्या पाकळीवर.

आधी काहीच झालं नाही. मग खाज, मग आग. दुसऱ्या दिवशी उन्हं चढेपर्यंत बिब्बा असा उतला की हनुवटी, ओठ, गाल सगळं फुगून आलं, पाण्याचे फोड धरले. एक डोळा मिटत चालला. परातीतल्या पाण्यात तिनं तोंड पाहिलं आणि तिच्या घशातून निघालेला आवाज तिलाच ओळखू आला नाही. हे जाईल ना? असंच राहिलं तर? दुसरीचं तोंड मिळवायला गेले, आणि माझं होतं तेही...

रुखमाबाईनं तीळ आणि खोबरं वाटून लेप दिला. रागावली, रडली, पुन्हा रागावली. "कोणं सांगतलं तुले हे? त्या पेंटरानं?"

"नाई वं वैनी. त्यानं तं काहीच नाई म्हटलं."

तिसऱ्या दिवशी तंबू उतरू लागला. मेखा उपटल्याचे आवाज घरापर्यंत येत होते. आणि अंगणात मुखरूचा आवाज आला.

"रुखमाबाई, पाणी नाई आलं दोन दिवस. भागीरथा...?"

"बिब्बा उतला तिले," रुखमाबाई म्हणाली. "हनुवटीवरचं फूल पुसाले गेली होती. कशापायी, थे तूच सांग." आणि शेणाची पाटी उचलून ती गोठ्यात निघून गेली. तिथून ओटा दिसत होता.

भागीरथा दाराआड उभी होती.

"अंदर नोको येऊ."

"नाई येत," तो म्हणाला. "त्या फळीपायी?"

ती म्हणाली, "पाठ कर. तिकडे पाह्य अन् सांग, मी कशी दिसतो."

"आता?"

"आताचं नाई. पहिलेची."

तो वळला असावा. आवाज लांबून आला. "डोळे लंबे... भिवया बारीक, वळणाच्या. हसतेस तवा मान थोडी खाली. अन् गालावर एक तीळ..."

तो थांबला.

"माह्या गालावर तीळ नाई," भागीरथा म्हणाली.

पलीकडे बांधीत कुणीतरी दोर ओढत हाका मारत होतं. भागीरथाला वाटलं, हेच ते. ज्याची धास्ती होती, ते हेच.

"थो तिचा हाये," मुखरू म्हणाला. "भागीरथा... मले भेव वाटून राह्यलं. म्या इतक्या बायांचे तोंडं काढले, पण पाह्यली एकबी नाई. फोटो पाहून काढले. तुले रोज पाह्यलं, तरी हात तिचंच तोंड काढते. आता डोळेबी... डोळेबी तिलेच पाह्यतात का?"

तो घाबरलेला होता, तिच्याइतकाच. तिला हे अपेक्षित नव्हतं.

भागीरथानं कडी काढली. पदर घेतला नाही. ओट्यावर, सरळ उन्हात येऊन उभी राहिली.

"वळ."

तो वळला आणि एक पाऊल मागे सरला. तिनं ते पाहिलं. ते लागलंही. पण मग तो तेच पाऊल पुढे आला.

"दुखते?"

"हासलं की दुखते."

"मंग हासवत नाई."

"तुह्यानं होते का थे..." ती म्हणाली आणि ओठ ताणला गेला. "आई गं!"

तो वाकून बघत होता. हात न लावता, श्वास धरून. "फूल हाये अजून," तो हळूच म्हणाला. "फोडाखाली. हिरवंच हाये. गेलं नाई."

भागीरथाला रडू फुटलं. ते गेलं नाही म्हणून आपल्याला इतकं बरं वाटेल, हे तिला तोवर माहीत नव्हतं.

बांधीतून भोंगा वाजला. गाड्या भरून झाल्या होत्या.

"सिरोंच्याचा खेळ आटोपला की येतो," तो घाईनं म्हणाला. "तोवर सूज उतरंन तुई..."

"सूज उतरल्यावर कोणीबी येईन," भागीरथा म्हणाली. "उद्या ये."

"उद्या? आज तं गाड्या निघून राह्यल्या..."

"मले मालूम हाये."

तो बघत राहिला. भोंगा पुन्हा वाजला. तो गेला.

गाड्यांच्या चाकांचा आवाज सागवनात विरेपर्यंत ती ओट्यावरून हलली नाही. त्या रात्री आग कमी होती, पण झोप नव्हती. सकाळी बांधीत मेखांची भोकं तेवढी उरली होती. रुखमाबाईनं लेप बदलला, काही विचारलं नाही. ऊन अंगणात आलं, ओट्यावर चढलं. नसंन येत, भागीरथा स्वतःला समजावत होती. कशाला येईल? असं तोंड बघायला कोण येतं...

"रुखमाबाई, पाणी देता का?"

गुडघ्यापर्यंत धूळ. हातात ना कुंचला, ना रंगाचे डबे. पहिल्या मुक्कामावरून तो रात्रभर चालत आला होता.

"आता का राह्यलं रे इथी तुह्यं?" रुखमाबाईनं कमरेवर हात ठेवले.

"पाहाले आलो."

"पाह्य बावा. इथी तिकीट नाई लागत."

भागीरथा बाहेर आली. भीती अजून उतरलेली नव्हती. पण ती ओट्यावर त्याच्या समोर बसली, सुजलेला गाल उन्हाकडे करून. तो पाणी प्यायचं विसरला. त्याची नजर तिच्या कपाळावरून निघाली आणि हळूहळू खाली आली. फुगलेल्या डोळ्यापाशी थांबली, गालापाशी थांबली, अडखळली, पुन्हा निघाली...

"इतकं का पाह्यतोस?" तिनं न राहवून विचारलं.

"थांब," तो म्हणाला. "अजून पाहून नाई झालं."