तिसरे कडवे

सकाळी चष्मा चढवून थोरलीने परीक्षण वाचायला घेतले. बावीस वर्षांनी तिच्या रॉक बँडचे नवे गाणे बाजारात आले होते. ते आपटले असते, तर म्हातारपणीचे चाळे म्हणून जगात हसे झाले असते. पण समीक्षकाने तोंड भरून स्तुती केली होती; विशेषतः तिसऱ्या कडव्याची.

गाण्यात कडवी दोनच होती.

तिने ड्रमरला फोन लावला.

"शिव्या जन्मभर पचवल्यात, बाईसाहेब. आता कौतुकाचं अजीर्ण होतंय होय?"

"आपल्या गाण्यात कडवी किती?"

"तीन. हे काय विचारणं झालं? तिसरं गायलात तेव्हा अंगावर काटा आला माझ्या."

थोरलीने फोन ठेवला. गाणे पुन्हा लावले. दोन कडवी, मग नुसती गिटार.

गाणे मुळात धाकट्या बहिणीचे. ती वारल्यावर तिच्या गिटारच्या पेटीत कागद सापडला. दोन कडवी थोरलीने स्वतःच्या नावावर खपवली, आजवरची सगळी गाणी खपवली होती तशीच. तिसऱ्यात नेमके हेच लिहिले होते. ते कुणाच्या दृष्टीस पडण्याआधी तिने शेगडीवर धरून जाळले होते.

वर्तमानपत्राने त्याची पहिली ओळ छापली होती. अक्षर न् अक्षर तीच. अकराच्या सुमारास दुसऱ्या समीक्षकाने दुसरी उद्धृत केली. दुपारच्या अंकात तिसरी आली.

चौथ्या ओळीत थोरलीचे नाव होते.

चार वाजता रेडिओवर थेट कार्यक्रम होता. न जावे, तर संशयाला पाय फुटायचे. तिने मनाशी ठरवले: दोन कडवी गायची आणि ओठ मिटायचे. ऐकू दे साऱ्या जगाला, गाणे एवढेच आहे.

बँडच्या शिरस्त्याप्रमाणे सगळे एकाच खोलीत उभे राहिले. ड्रमरने काड्या चारदा आपटल्या.

पहिले कडवे झाले. दुसरे झाले.

तिने ओठ घट्ट मिटले.

वाद्ये थांबली नाहीत. ड्रमर डोळे मिटून मान डोलावत होता.

ती माइकपासून मागे सरली. आणखी मागे. पाठ भिंतीला टेकली.

काचेपलीकडे निवेदिकेने हातातला कागद खाली ठेवला आणि ती थोरलीकडे नुसती पाहत राहिली.

शेजारच्या ध्वनिमुद्रकाने कानावरचा हेडफोन किंचित दूर धरला. मग तळहात हलवून त्याने अदबीने खूण केली: माइकपासून जरा लांब व्हा, आवाज फाटतोय.