कॅन्टीनमधले नळ

"पंप परत घेऊन चालले! अरे, पळा!" चिमणी ओरडली आणि चपला हातात घेऊनच उतारावरून सुटली.

टेकडीवरच्या वस्तीत पाणी चढवायला आलेला नवा पंप टेम्पोतून उतरलाच नाही, दुसऱ्याच गावाला निघाला! का, तर पाणी कार्यालयाच्या नकाशावर वस्तीतले सगळे नळ निळे, म्हणजे चालू. चिमणीच्या अंगाचा तिळपापड झाला. नळ ठणठणीत कोरडे, आई दुखऱ्या कंबरेनं खालून घागरी वाहतेय, आणि म्हणे चालू!

टेम्पो काही सापडला नाही. ती आणि तिचा मित्र चष्मिस धापा टाकत थेट कार्यालयात शिरले.

"पाहणीवाल्याच्या फोनवरून माहिती थेट येते, बाळ. नकाशा चुकत नाही," साहेब म्हणाले.

"पण साहेब, आम्ही तिथेच राहतो!"

"सुट्टी आहे ना? जा, खेळा."

खेळा म्हणे! चिमणीला रडूच फुटायचं बाकी होतं. तेवढ्यात चष्मिस भिंतीवरच्या नकाशाला नाक लावून पुटपुटला, "चिमणे, वस्ती वर, मग नळांचे निळे ठिपके खाली कसे?"

खरंच की! माहिती जिथे बसून भरली, तिथेच ठिपका उमटत होता. आणि सगळे ठिपके याच इमारतीच्या कॅन्टीनवर! चढ चढायचा कंटाळा म्हणून पाहणीवाल्या काकांनी चहा पिता पिताच नळ 'चालू' करून टाकले होते.

"साहेबांना सांगूया?" चष्मिस म्हणाला.

"मघाशी ऐकलं का त्यांनी? बादल्या आण!"

थोड्याच वेळात वस्तीतली पोरं बादल्या खडखडवत कॅन्टीनमध्ये हजर! साहेब धावत आले. "हा काय गोंधळ?"

"पाणी भरायला आलोय! तुमच्या नकाशावर आमचे नळ इथेच आहेत. कुठल्या टेबलाखाली, तेवढं दाखवा!"

पाहणीवाल्या काकांना जोराचा ठसका लागला. साहेबांनी आत जाऊन नकाशा पाहिला आणि गुपचूप पोरांबरोबर चढ चढायला लागले.

वर पोरांनीच नळ न् नळ दाखवला. चष्मिसनं एका आजारी बाळावर फोन रोखला. "हा फोटो पाहून सगळ्यांना पटेल!"

"त्याच्या आईला विचारलंस? नळाचा काढ!" चिमणी खेकसली.

साहेबांनी टेम्पोवाल्याला फोन लावला. संध्याकाळी पंप वस्तीत उतरला.

"शाब्बास, पोरांनो!" साहेब म्हणाले. मग चिमणीच्या आईकडे वळले. "हुशार आहे हो मुलगी!"

"आहेच," आई कंबरेवर हात ठेवत म्हणाली. "पण साहेब, हेच सांगायला मी किती खेपा घातल्या तुमच्याकडे!"